आंबोली की तिलारी, सायकलने कुठला घाट चढायचा?

कोकणातून वर जायचं तर नवख्याने सरळ आंबोली धरावी. सावंतवाडीहून दाणोली सोडलं की चढ सुरू होतो, पण तो एका लयीत चालतो, श्वास बसतो आणि साधारण ६९० मीटर उंचीवर पोचेपर्यंत पाय शाबूत राहतात. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र नकोच बाबा, धबधब्यापाशी गाड्यांची नुसती जत्रा!

तिलारीचं प्रकरण वेगळं, दोडामार्ग-भेडशीकडून आलात की वळणं अशी उभी येतात की पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचा, चढासाठीचा हलका गिअर टाकूनही काहीजण उतरून ढकलतातच, रस्ताही अरुंद, पण वर चंदगडकडची शांत गावं न् काजूच्या बागा, त्यासाठी मी तिलारीच निवडेन. फक्त उतरताना ब्रेक सांभाळा.