भायखळ्यातील द्राक्षारसाची पदभ्रमंती: सरबत अस्सल, जाहिरात पातळ

मागच्या रविवारी ज्यू आणि ख्रिस्ती धर्मविधींतील वाइन या विषयावरची तीन तासांची पदभ्रमंती मी माणशी 1200 रुपये भरून भायखळ्यात केली. जाहिरातीत ‘चव घेण्याची संधी’ असे शब्द होते, त्यामुळे आमच्या बारा जणांपैकी निम्मे तरी त्याच आशेने आले असावेत. मी त्यांत नव्हतो असे म्हणवत नाही. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार मी त्यांना थेट कळवली आहे.

सुरुवात डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरापासून झाली. फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते आणि पुरुषांना डोके झाकावे लागते, तेव्हा खिशात मोठा रुमाल असलेला बरा. मार्गदर्शक तरुणाची तयारी येथे चांगली होती. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू होताना भरलेला पेला हातात धरून किद्दुश हे आशीर्वचन म्हणतात, शनिवारी रात्री हवदाला या शब्बाथ संपवण्याच्या विधीच्या वेळी मेणबत्ती वाइनमध्ये विझवण्याची प्रथा आहे, पेसाह या इजिप्तमधील गुलामीतून सुटकेच्या सणाच्या जेवणात चार पेले घेतात आणि इजिप्तवरील दहा अरिष्टे उच्चारताना प्रत्येकी एक थेंब बाहेर काढतात, कारण शत्रूच्या दुःखाने आपला आनंद तेवढा उणा व्हावा, हे त्याने न अडखळता सांगितले. कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार चालणारी, वाइन द्राक्षे चुरडण्यापासून बाटली बंद होईपर्यंत धर्मनियम पाळणाऱ्या ज्यूंच्याच हाती राहावी लागते आणि उकळलेल्या वाइनला पुढे ही अट लागू होत नाही, हा बारकावाही त्याने सोडला नाही.

पैसे वसूल झाले ते पुढच्या मुक्कामी, एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, कुटुंबाच्या स्वयंपाकघरात. यजमानीणबाईंनी रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुका हाताने कुस्करल्या, पंचाच्या फडक्यात बांधून पिळल्या आणि खाली पातेल्यात गर्द तपकिरी रस जमू लागला. “नुसतं रंगीत पाणी नको, मनुकेचा स्वतःचा रस सुटला पाहिजे,” असे त्या पिळता पिळता म्हणाल्या. चांदीच्या छोट्या पेल्यातले ते सरबत गोड होते, पण शेवटी जिभेवर बियांचा किंचित तुरटपणा उरत होता. शब्बाथला, पेसाहला आणि लग्नात नवरा-नवरीसाठीही त्यांच्याकडे हेच सरबत भरतात. कोकणातल्या ज्या गावांत या समाजाने शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ हे नाव मिळवले, तेथे कोशेर वाइन कुठून येणार होती?

येथेच मार्गदर्शकाने घोळ घातला. हे सरबत म्हणजे ‘नाइलाजाने केलेली नक्कल’ असे तो यजमानीणबाईंच्या समोरच म्हणाला, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. नक्कल हा शब्द चुकीचा आहे. ज्यू धर्मशास्त्राने मनुकांचा रस किद्दुशसाठी ग्राह्य धरला आहे, फक्त मनुका दाबल्यावर तिच्यातून ओलावा सुटला पाहिजे, आणि यजमानीणबाईंचे बोलणे नेमके त्या नियमाचेच होते. किद्दुशच्या आशीर्वचनात आभार मानले जातात ते ‘द्राक्षवेलीचे फळ’ निर्माण करणाऱ्याचे. नशेचा तेथे उल्लेखही नाही.

तोच शब्दप्रयोग घेऊन आम्ही ग्लोरिया चर्चमध्ये गेलो असतो तर दोन्ही परंपरा आपोआप जुळल्या असत्या. शेवटच्या भोजनात येशू जो पेला उचलतो, त्याबद्दल बोलताना तोही मार्काच्या शुभवर्तमानात द्राक्षवेलीच्या फळाचाच उल्लेख करतो. मराठी बायबलने तर वाइनला ‘द्राक्षारस’ म्हणून हा प्रश्न आपल्यापुरता फार सुंदर सोडवला आहे. मार्गदर्शकाने मात्र काना गावच्या लग्नातील सहा दगडी रांजणांवर बराच वेळ घालवला. मिस्सेसाठीची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीसाठीची, वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी व तीत थोडे पाणी मिसळावे, हा कॅथलिक नियम त्याने एका वाक्यात उरकला. मुंबईतल्या ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या घरांत नाताळासाठी साखर, यीस्ट आणि गहू घालून मुरवलेली वाइन त्यामुळेच वेदीवर चालत नाही, हे आमच्यातल्या एका वांद्रेकर बाईंनी सांगितले म्हणून कळले. मिस्सेत सामान्य भाविकाला बहुधा वाइन न मिळता केवळ भाकर का मिळते, या माझ्या प्रश्नाला “प्रथा आहे” एवढेच उत्तर आले. वास्तविक 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने पेला धर्मगुरूंपुरता ठेवला, त्याविरुद्ध बोहेमियातील धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांनी पेला हेच आपले चिन्ह केले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही प्रसंगी तो भाविकांना पुन्हा खुला झाला. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. प्रॉटेस्टंट पंथांचे तर नावही निघाले नाही. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये न्यू जर्सीत द्राक्षांचा रस आंबू नये म्हणून तापवला, तो प्रभुभोजनासाठीच, आणि आपल्या कोकणातले मनुकांचे सरबत ऐकून आलेल्या गटाला ही गोष्ट लगेच भिडली असती.

शेवटी जाहिरातीतली ती ‘संधी’ आली. चर्चबाहेर कागदी पेल्यांत खोक्यातला साखर घातलेला द्राक्षरस मिळाला आणि वाइन देण्याचा परवाना नसल्याचे तेव्हा सांगण्यात आले. परवान्याचे बंधन मला मान्य आहे, पण ते पैसे घेण्याआधी कळायला हवे होते. आयोजकांनी पुढील फेरीपासून जाहिरातीतला मजकूर बदलण्याचे कळवले आहे. पैशांबाबत उत्तर नाही.

तरीही मी पाचपैकी तीन तारे देतो, आणि त्यांतले अडीच त्या स्वयंपाकघराचे आहेत. जाणार असाल तर तेथे थोडे रेंगाळा, प्रश्न मार्गदर्शकापेक्षा यजमानीणबाईंना विचारा आणि दुसरा पेला मागून घ्या. त्या नाही म्हणत नाहीत.