मोठी कंपनी की पिकअपवाला? मिनियापोलिसच्या जुन्या घराचं काँक्रीट

आमचं घर 1924 चं, दक्षिण मिनियापोलिसमधलं (अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य), बाहेरून स्टको आणि मागे गल्लीच्या बाजूला सुटं गॅरेज. इकडे जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा दर एप्रिलला तोच फोन येतो. बर्फ गेला की दिसतं, पायऱ्या घरापासून दोन बोटं सुटल्यात, गॅरेजपुढच्या कोब्याचे भाकरीच्या पापुद्र्यासारखे पोपडे निघालेत, आणि मग प्रश्न, की काम द्यायचं कोणाला? टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या मोठ्या कंपनीला, की शेजाऱ्याने नंबर दिलेल्या त्या पिकअपवाल्या माणसाला?

मी दोघांनाही दिलंय. 2021 ला मागच्या पायऱ्या आणि घराच्या बाजूची पायवाट एका मोठ्या कंपनीकडून, आणि 2023 ला गॅरेजचा स्लॅब आणि त्याच्या पुढचा भाग एका लोकल कंत्राटदाराकडून. त्यामुळे हे सगळं दोन कामांच्या जोरावर लिहितोय, त्या मानाने वाचा.

किती इंच जाडी, किती पीएसआय (काँक्रीटची ताकद), एअर-एंट्रेन्ड मिक्स (मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे ठेवलेलं) का लागतं हे तुम्ही आतापर्यंत यूट्यूबवर पाहिलंच असणार, ते सोडून देतो. तसंही माझ्या दोन्ही कोटमध्ये मिक्स एकच होतं, 4500 पीएसआय आणि सहा टक्क्यांच्या आसपास हवा. रेडी-मिक्सचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, ट्रक दोघांकडेही बाहेरूनच येतो, काँक्रीट कोणी स्वतःच्या घरी बनवत नाही. फरक पडतो तो ट्रक यायच्या आधी आणि ट्रक आल्यावर.

मोठ्या कंपनीचं आधी चांगलं ते सांगतो, कारण चांगलं बरंच होतं. वेबसाइटवर फॉर्म भरला, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी माणूस टॅब्लेट घेऊन किचनमध्ये. इन्शुरन्सचा कागद न मागता आला. परमिट, 811 ला (खोदण्याआधी कळवायचा नंबर) फोन करून गॅसच्या आणि विजेच्या लाइनी मार्क करणं, सगळं त्यांनी केलं, आम्हाला फक्त अंगणात रंगीत झेंडे दिसले. हप्त्यांची सोय होती. दिलेल्या तारखेला सकाळी सात वाजता क्रू हजर. सहा जणांनी दुपारपर्यंत जुनं सगळं फोडून डंपरमध्ये टाकलं, मानलं पाहिजे.

आता जे खटकलं ते. आमच्या बाजूच्या पायवाटेचा ढाळ घराकडे होता. शंभर वर्षांत घराच्या पायाशी भरलेली माती बसते, तिच्यासोबत कोबाही तिकडे कलतो, जुन्या घरांत हे सर्रास असतं. पाऊस पडला की पाणी भिंतीला लागायचं आणि बेसमेंटच्या त्या कोपऱ्यात लोणा धरायचा, पांढरी भुकटी, हात लावला की बोटाला. मला काँक्रीट नवं दिसावं म्हणून नकोच होतं, मला ते पाणी दुसरीकडे घालवायचं होतं. टॅब्लेटवाल्याला तिथे उभं करून दाखवलं, तो म्हणाला हो हो, ढाळ उलटा करून देऊ, काही प्रॉब्लेम नाही.

ओतायच्या दिवशी फॉर्म, म्हणजे ओतायचे साचे, लावलेले बघितले तर ढाळ जसाच्या तसा. क्रूच्या मुख्य माणसाला विचारलं, त्याने खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलेलं, जुनं काढा, त्याच लेव्हलला नवं टाका. तो माणूस सज्जन होता, त्याला स्वतःलाही दिसत होतं की हे चुकीचं आहे, पण म्हणाला कागदावर नाही, ऑफिसला फोन करा. ऑफिसमध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, ती म्हणाली चेंज ऑर्डर (करारात बदलाचा कागद) लागेल, सेल्सच्या माणसाची सही लागेल, आणि सेल्सचा माणूस फोन उचलेना कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी किचनमध्ये टॅब्लेट घेऊन बसलेला. इकडे ट्रक रस्त्यावर उभा, ड्रम फिरतोय. काँक्रीट निघाल्यापासून साधारण दीड तासात ओतून व्हायला लागतं, त्यामुळे ऑफिसच्या उत्तराची वाट किती बघणार? ट्रक परत पाठवला तर त्याचे पैसे माझे. मी मान हलवली. ओतलं. दिसायला इतकं सुंदर झालं की शेजारी फोटो काढून गेले.

त्या जूनमध्ये बाबा आले होते मिरजेहून. त्यांनी काही न बोलता बादलीभर पाणी आणलं आणि पायवाटेवर ओतलं. आम्ही दोघं बघत उभे, पाणी शांतपणे भिंतीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. बाबा म्हणाले, "अरे, गच्चीचा ढाळ गवंड्याला आम्ही पाणसळ घेऊन बसून करायला लावला होता, तू ऑफिसात होतास की काय?" प्रत्यक्ष ओतताना मी खरंच मीटिंगमध्ये होतो, पण तो भाग वेगळा.

नंतर कंपनीला ईमेल केली तर उत्तर नम्र आणि लगेच आलं, की काम करारानुसार झालेलं आहे. आणि झालंच होतं, ते खोटं बोलत नव्हते. हेच मला जास्त लागलं. जुन्या घरात कागदावर न मावणाऱ्या गोष्टीच निघतात, आमच्याकडे पायवाट फोडल्यावर खाली अजून एक जुनी पायवाट निघाली (तिचे फोडायचे पैसे वेगळे लागले, ती चेंज ऑर्डर मात्र पाच मिनिटांत मंजूर झाली).

आता पिकअपवाला. हा, याचा मुलगा आणि एक भाचा, बास. वेबसाइट नाही, ईमेलला उत्तर नाही, व्हॉइसमेल कायम भरलेली. शेजारीण म्हणाली रविवारी संध्याकाळी फोन कर, तेव्हा तो उचलतो, आणि खरंच उचलला. आला तो एक दोरी आणि चार फुटी पाणसळ घेऊन. गॅरेजच्या स्लॅबवर ठेवली, बुडबुडा बघितला, मग गुडघ्यावर बसून कोपऱ्यातली माती नखाने उकरली आणि म्हणाला, "गटरचा पाइप इथेच सुटतोय. तो आधी हलव, नाहीतर मला पैसे देऊ नकोस, नवीनसुद्धा असंच उचलेल." थंडीचं गणित त्याने एका वाक्यात सांगितलं, खाली पाणी साचलं की ते गोठून फुगतं, स्लॅब वर ढकलतं, आणि उतरताना तो जागेवर येत नाही. म्हणून खाली माती काढून क्लास फाइव्ह खडी (पायाखाली घालतात ती भरड-बारीक मिसळ), थरथराने ठोकून. पायऱ्यांचंही त्याने न विचारता बघितलं, खाली फुटिंग (जमिनीतला पाया) किती खोल घेतलंय विचारलं. आमच्या भागात कोडप्रमाणे 42 इंच लागतं, उत्तर मिनेसोटात 60, घराला जोडलेल्या पायऱ्या त्याहून उथळ पायावर बसवल्या की दर हिवाळ्यात वर-खाली होत सुटणारच.

कोट एका पानावर, पेनाने. रक्कम मोठ्या कंपनीच्या आकड्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. पण त्या पानावर ढाळ लिहिलेला होता, फुटाला पाव इंच, गल्लीकडे, बाणासकट. तो बाण बघून माझं जवळजवळ ठरलंच.

त्रास झाला नाही असं नाही. सप्टेंबरचं काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. एकदा पाऊस, एकदा भाच्याचं लग्न, एकदा कारणच नाही. बायको वैतागली होती, आणि तिचं बरोबर होतं, गाडी तीन आठवडे रस्त्यावर होती. इथे हॅलोविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरला, सुरू झालेल्या वादळात अठ्ठावीस इंच बर्फ पडलेला आहे (1991 चं ते वादळ जुने लोक अजून सांगतात) त्यामुळे ऑक्टोबर म्हणजे जरा धाकधूकच. तो मात्र निवांत. "रात्री 40 फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की ब्लँकेट घालीन, त्याहून वाईट वाटलं तर ओतणारच नाही, एप्रिलला येईन." काम न करण्याची तयारी असलेला कंत्राटदार मी पहिल्यांदाच बघितला.

ओतायच्या दिवशी मी मीटिंग वगैरे काही ठेवली नाही, बाबांच्या टोमण्याची आठवण होती. ट्रकवाल्याने विचारलं पाणी वाढवू का, जरा घट्ट आहे. पिकअपवाल्याने नुसता हात आडवा हलवला. घट्ट मिक्स म्हणजे ओढायला जास्त मेहनत, तिघेच होते, घामाघूम झाले, पण पाणी घालू दिलं नाही. मग रंधा मारायच्या आधी तिघं चक्क बसून राहिले, पॉपकॉर्न खात, पृष्ठभागावर आलेलं पाणी उडून जायची वाट बघत. ते पाणी तसंच आत घोटलं की वरचा थर कच्चा राहतो आणि दोन-तीन हिवाळ्यांत पोपडे. शेवटी झाडू फिरवला, सांधे पाडले, घरच्यासारखं.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "पाणी कोण मारणार सात दिवस?" इकडे शरदात पाणी मारत नाहीत, भिजलेलं काँक्रीट गोठलं तर उलट पंचाईत, वरून क्युरिंग कंपाउंड, म्हणजे ओल आत धरून ठेवणारं द्रव्य, फवारतात. बाबांना ते अजून पटलेलं नाही. बिलाच्या खाली पिकअपवाल्याने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पहिल्या हिवाळ्यात बर्फावर मीठ नाही, वाळू टाका. मोठ्या कंपनीच्या वॉरंटीतही मीठ आहेच, पण बारीक अक्षरात, काय काय धरलं जाणार नाही त्या यादीत.

आता लोकल माणूस घेताना जे स्वतः सांभाळावं लागतं ते. मिनेसोटात घराचं काम करणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं, पण नुसतं काँक्रीट-गवंडीकाम असं एकाच प्रकारचं काम करणाऱ्याला सूट आहे, म्हणजे लायसन्स नाही म्हणून तो लगेच लबाड ठरत नाही. पण लायसन्सवाल्याने फसवलं आणि कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूने लागूनही पैसे दिले नाहीत, तर राज्याच्या रिकव्हरी फंडाकडे (भरपाईचा फंड) जाता येतं, इथे तो आधार नाही. त्यामुळे इन्शुरन्सचा कागद त्याच्याकडून नको, त्याच्या एजंटकडून थेट मागवा. ॲडव्हान्स कमी द्या. आणि शेवटचा चेक देताना त्याचा आणि रेडी-मिक्स प्लांटचा असे दोन लीन वेव्हर (घरावर दावा लावणार नाही असं लिहून दिलेला कागद) घ्या, कारण नियमाने नोटीस दिलेली असेल तर याने थकवलेल्या बिलासाठी प्लांट तुमच्या घरावर दावा लावू शकतो. मी मागितल्यावर त्याने जरा बघितलं माझ्याकडे, पण आणून दिले.

आणि काही कामांना मी आजही मोठी कंपनीच म्हणेन. बेसमेंटची भिंत आत फुगलीय, इंजिनियरचं पत्र लागणार आहे, किंवा दोन वर्षांत घर विकायचंय आणि पुढच्या मालकाला वॉरंटी दाखवायचीय, किंवा तुम्ही जून-जुलै भारतात असणार आणि समोर उभं राहायला कोणी नाही, तर कागदावर चालणारी माणसं बरी पडतात. फक्त मग जे हवंय ते सगळं कागदावर आणा, ढाळसुद्धा, बाणासकट, आणि सही होईपर्यंत टॅब्लेटवाल्याला चहावर बसवून ठेवा.

आमच्या गॅरेजचे दोन हिवाळे झाले, एक बारीक चीर आहे, ती सांध्यातच आहे. बाजूच्या पायवाटेचं पाणी अजून भिंतीकडेच जातं. गेल्या रविवारी संध्याकाळी पिकअपवाल्याला फोन केला, ती पायवाट फोडून परत करायची म्हटलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो म्हणाला, किंवा तिसऱ्या.