अकॉर्डची तपासणी कशी आहे? ढाक्यात ११ वर्षं मर्चंडायझर होतो, पाचपैकी चार स्टार देतो

अकॉर्ड म्हणजे बांगलादेशातल्या कपड्यांच्या फॅक्टऱ्यांत आगीची आणि बिल्डिंगची सुरक्षा तपासायचा करार. पण आधी कुलपाचं सांगतो. मी मूळचा सोलापूरचा, २०११ ला ढाक्यात एका बायिंग हाऊसला, म्हणजे परदेशी ब्रँडांसाठी तिथल्या फॅक्टऱ्यांतून कपडे बनवून घेणाऱ्या कंपनीत लागलो, ऑफिस उत्तऱ्याला आणि फॅक्टऱ्या गाझीपूर, आशुलिया, सावर अशा लांब लांब, वीस किलोमीटर जायला ट्रॅफिकमध्ये तीन तास. पहिल्याच महिन्यात एका फॅक्टरीत चौथ्या मजल्यावर सॅम्पल बघत होतो, तिथे जिन्याच्या तोंडाला दुकानाला असतं तसलं सरकतं जाळीचं गेट आणि त्याला कुलूप. आत साडेतीनशे-चारशे माणूस काम करतंय. विचारलं तर फ्लोअरचा मॅनेजर म्हणाला, दादा, माल चोरीला जातो. मी मान डोलावली आणि कॉलरची शिलाई बघत बसलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

आणि त्या फॅक्टरीत ऑडिट होत नव्हतं असं अजिबात नाही हां. वर्षातून तीन-चार वेळा कुणी ना कुणी फाइल घेऊन यायचं, तारीख आधी कळवून. आदल्या दिवशी संडासात साबण यायचा, जिन्यातली खोकी गच्चीवर जायची, कुलूप मॅनेजरच्या खिशात. ऑडिटवाला हजेरीची रजिस्टरं बघायचा, चारपाच बायकांना पढवलेले प्रश्न विचारायचा, जेवायचा, जायचा. रिपोर्ट बायरकडे, बायरच्या कपाटात. कराचीत बलदियाला २०१२ च्या सप्टेंबरमध्ये जी फॅक्टरी जळाली आणि अडीचशेच्या वर माणसं गेली तिला तर काही आठवड्यांपूर्वीच चांगलं नामांकित सर्टिफिकेट मिळालेलं. दोनच महिन्यांत आमच्या इथे आशुलियात ताजरीन नावाची फॅक्टरी जळाली, ११२ तरी गेले, अलार्म वाजला तेव्हा काही नाही, कामाला बसा म्हणून सांगितलं होतं आणि गेटं बंद. तेव्हा मला ते चौथ्या मजल्यावरचं कुलूप आठवलं.

राणा प्लाझा ही फॅक्टऱ्यांची बिल्डिंग कोसळली ते सगळ्यांना माहीत आहे, २४ एप्रिल २०१३, सावर. तरी एक गोष्ट लोक विसरतात ती लिहितो. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद झाली, आणि वरच्या पाच फॅक्टऱ्यांतल्या लोकांना मात्र सकाळी परत बोलावलं. लाइट गेली, वर ठेवलेले जनरेटर सुरू झाले आणि आठ मजले खाली बसले. ११३४ माणसं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी टीव्हीसमोर कुणी बोलत नव्हतं, आणि दुपारी परदेशातून पहिला मेल आला तो शिपमेंटची तारीख विचारणारा.

तर आता सर्व्हिस. मे २०१३ मध्ये अकॉर्ड आला, म्हणजे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार, एका बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी ग्लोबल या जागतिक युनियन, दुसऱ्या बाजूला पुढे दोनशेच्या वर ब्रँड झाले. सोळाशेच्या वर फॅक्टऱ्या त्यात आल्या. अमेरिकेच्या बऱ्याच ब्रँडांनी अलायन्स म्हणून आपलं वेगळं केलं, त्याचा मला जवळून अनुभव नाही म्हणून सोडतो.

पहिला फरक मला दिसला तो माणसांत. हे आले ते इंजिनिअर. रजिस्टर बाजूला, आधी ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग सहा मजल्यांचं आणि उभी बिल्डिंग आठ, असं असलं की मालकाचा चहा थंड व्हायचा. कॉलमला मशीन लावून आत सळई किती ते बघायचे, काँक्रीटचा नमुना काढायचे. फॅब्रिक स्टोअरमध्ये भिंतीवर पिवळी रेघ मारायला लावली, कापडाचे रोल रेघेच्या वर रचायचे नाहीत. स्टोअरकीपर वैतागायचा, एवढी जागा वाया कशाला घालवायची म्हणून. मग त्याला फ्लोअर किती किलो पेलतो त्याचा तक्ता दाखवला, आणि त्याने आधी काय रचून ठेवलं होतं त्याचा हिशेब. गडी गप्प.

दुसरी गोष्ट, रिपोर्ट नेटवर उघडा. फॅक्टरीचं नाव, दोष काय, दुरुस्तीची तारीख कधीची, झालं का नाही. सोलापुरात बसलेला माझा भाऊसुद्धा वाचू शकत होता. मालक लोक सगळ्यात जास्त चिडले ते यावर, आणि मला तेव्हाच कळलं की औषध बरोबर लागलंय. दुरुस्ती केली नाही तर सही केलेल्या सगळ्या ब्रँडांनी त्या मालकाकडून माल उचलणं बंद करायचं, नुसत्या एकाने नाही. आणि ब्रँडने शब्द पाळला नाही तर त्यालाही सोडायचं नाही. युनियनवाल्यांनी दोन ब्रँडांना थेट हेगच्या लवादात खेचलं, त्यातल्या एकाने २३ लाख डॉलरवर मिटवलं. आपल्याकडे कंपनीने समाजकार्य म्हणून रंगीत पुस्तक छापलं की संपलं, इथे सही केली म्हणजे पैसे मोजायची तयारी.

माझ्या चौथ्या मजल्यावर २०१५ ला फायर डोअर बसलं. आडवा दांडा असलेलं, ढकललं की उघडतं, कुलूप लावायची सोयच नाही. मी पाहिलं तेव्हा एक हेल्पर बाई दोन्ही हातांवर शर्टांचा गठ्ठा घेऊन आली, वळली, कमरेने दांड्याला धक्का दिला आणि गेली पलीकडे. तिला त्यात विशेष काही नव्हतं. मी मात्र उगाच दोन वेळा ढकलून बघितलं.

एक स्टार का कापला तर ऐका. एक म्हणजे बॉयलर. २०१७ च्या जुलैमध्ये काशिमपूरला बॉयलर फुटून माणसं गेली, तोपर्यंत बॉयलर यांच्या तपासणीतच नव्हता, नंतर घेतला. दुसरं, ज्या बारक्या फॅक्टऱ्या सबकॉन्ट्रॅक्टवर काम घेतात आणि कागदावर कुठेच नसतात त्यांच्याकडे कोण जाणार. तिसरं पैशाचं, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं. करारात लिहिलंय की दुरुस्ती मालकाला परवडेल असं ब्रँडने बघायचं. पण ज्या सीझनला त्या मालकाने दारं बसवली त्याच सीझनला आमच्या एका बायरने पीसमागे पाच सेंट कमी करून मागितले, आणि तो मेल टाइप मीच केला होता. मजुरीचं तर करारात नाहीच. किमान पगार २०१३ ला ५३०० टका, २०१८ ला ८००० आणि २०२३ ला रस्त्यावर गोळीबार होऊन माणसं मेल्यावर १२५००, मागितले होते २३०००.

२०२० पासून काम आरएससी, म्हणजे आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिल, या तिथल्या संस्थेकडे गेलंय, त्यात मालकांचे प्रतिनिधीही बसतात. मी २०२२ ला परत आलो, तोवर तरी इंजिनिअर येत होते आणि रिपोर्ट नेटवर लागत होते, त्यामुळे स्टार त्यासाठी नाही कापला. पण लक्ष ठेवा.

आता सोलापुरात आहे. २०२५ च्या मे महिन्यात इथे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, ८ जण गेले. त्यानंतर मित्राच्या युनिफॉर्म शिवायच्या युनिटला गेलो होतो, वर चाळीसेक बायका, मागच्या जिन्याला जाळीचं गेट आणि कुलूप. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, अरे माल जातो रे. तिथेच बसून त्याला दांड्याच्या दाराचा फोटो दाखवला, बसवतो म्हणाला, पण इथल्या हार्डवेअरवाल्यांना ते काय असतं तेच माहीत नाही. पुण्यात किंवा भिवंडीत चांगल्या क्वालिटीचं कुठे मिळतं आणि बसवून किती पडतं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. कुलपाची चावी सध्या मी माझ्याकडे आणून ठेवलीय, त्याचा रोज फोन येतोय.