सीटन यांच्या वन्यप्राणीकथा : काही महिन्यांच्या सहवासानंतर

अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांचे ‘वाइल्ड ॲनिमल्स आय हॅव नोन’ हे पुस्तक १८९८ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने काढले. त्यात आठ कथा आहेत आणि लेखकाने स्वतः काढलेली दोनशे चित्रे आहेत. गेले अनेक महिने हे पुस्तक माझ्या टेबलावर आहे. आधी ते मी एकटीने सलग वाचले, नंतर मुलाला एकेक कथा वाचून दाखवली, मग सीटन यांचे आत्मचरित्र आणि त्यांच्यावर झालेली टीका वाचली आणि ते सारे मनात ठेवून पुन्हा कथांकडे वळले. एवढ्या सहवासानंतर माझे मत असे झाले आहे, की जिथे सीटन यांचे डोळे आणि कान काम करतात तिथे हे पुस्तक अजोड आहे, आणि जिथे ते प्राण्याच्या मनातले हेतू सांगू लागतात तिथे वाचकाने थोडे सावध राहावे. अडचण एवढीच, की या दोन्ही गोष्टी एकाच कथेत, पुष्कळदा एकाच पानावर, शेजारी शेजारी असतात.

पहिली कथा ‘लोबो’. न्यू मेक्सिकोच्या ईशान्येकडील कुरुम्पॉ खोऱ्यात गुरांच्या मोठमोठ्या रँचेसवर एका लांडग्याच्या टोळीने उच्छाद मांडला होता. तिच्या म्होरक्याच्या डोक्यावर एक हजार डॉलरचे बक्षीस लागले होते, आणि १८९३ च्या उत्तरार्धात सीटन तिथे गेले ते त्याला मारण्यासाठीच. त्यांनी आमिष कसे तयार केले ते कथेत तपशीलवार येते. नुकत्याच मारलेल्या कालवडीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि चीज एकत्र वितळवायचे, धातूचा वास लागू नये म्हणून हाडाच्या सुरीने त्याच्या वड्या कापायच्या, स्ट्रिक्निन आणि सायनाइड ही विषे कॅप्सूलमध्ये बंद करून त्या वड्यांत दडवायचे, आणि हे सगळे करताना कालवडीच्या ताज्या रक्तात भिजवलेले हातमोजे घालायचे. लोबोने पहिले आमिष उचलले, दुसरे उचलले, तिसरे उचलले, ते न खाता चौथ्यापाशी नेऊन त्याची रास केली आणि त्या राशीवर घाण करून तो निघून गेला. सापळ्यांची गतही तीच झाली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग आणि मधोमध एक सापळा अशी मांडणी त्यांनी केली, तेव्हा लोबो मधोमध येऊन थांबला, आपल्याच उमटलेल्या पावलांवर एकेक पाऊल नेमके ठेवत मागे सरकला आणि बाजूला होऊन मागच्या पायांनी दगडमाती उडवत त्याने सापळे निकामी केले. सीटन यांनी हे काही पाहिले नव्हते. सकाळी जमिनीवर जे ठसे होते त्यांवरून त्यांनी ते वाचले. मी हा भाग जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा मला त्यात एका तरबेज माग काढणाऱ्याचा आनंद दिसला, आणि या पुस्तकाची खरी ताकद तिथेच आहे.

पुढे जे घडते ते वाचणे सोपे नाही. लोबोची जोडीदारीण ब्लँका एका सापळ्यात अडकते, आणि दोन बाजूंनी दोर टाकून, घोडे विरुद्ध दिशांना पळवून तिला मारले जाते. सीटन लिहितात, की या प्रसंगाची कल्पना त्यांना तेव्हापेक्षा नंतर अधिक असह्य वाटली. तरीही तिच्याच पंजाने सापळ्यांच्या जागी ठसे उठवून आणि तिचा देह फरफटवून वास पसरवून त्यांनी लोबोला पकडले. चारही पाय चार सापळ्यांत अडकलेला तो लांडगा जिवंत रँचवर आणला गेला, त्याने अन्नपाण्याला तोंड लावले नाही, कोणाकडे पाहिलेही नाही आणि ३१ जानेवारी १८९४ रोजी तो मरण पावला. तो शोकाने मेला असे सीटन सुचवतात. मी त्यावर पुष्कळ विचार केला. जखमी, दमलेला, बांधलेला आणि उपाशी प्राणी एका रात्रीत मरण्याला इतर कारणेही पुरेशी असू शकतात. पण कथेचे वजन त्या निदानावर नाही; जो माणूस हे सांगतो आहे त्यानेच ते केले आहे आणि आपला हात तो एकदाही लपवत नाही, यावर आहे. त्या काळात लांडगा मारणे हे चांगल्या नागरिकाचे काम समजले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही कथा किती वेगळी होती ते कळते. न्यू मेक्सिकोतून लांडगा पुढे पूर्णपणे नाहीसा करण्यात आला. मेक्सिकन लांडगे ॲरिझोनाच्या पूर्वेकडील जंगलात पुन्हा सोडले गेले ते १९९८ साली.

ही नजर कुठून आली हे समजण्यासाठी त्यांचे आयुष्य माहीत असावे. १८६० साली इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे त्यांचा जन्म झाला, आणि ते लहान असतानाच, १८६६ मध्ये, कुटुंब कॅनडातील ऑन्टॅरिओत आले. वडील कठोर होते. मुलगा वयात आल्यावर त्यांनी जन्मापासून त्याच्यावर केलेल्या खर्चाचे बिल त्याच्या हातात ठेवले, आणि त्यात बाळंतपणाच्या डॉक्टरची फीसुद्धा होती, असे सीटन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. टोरांटोजवळचे डॉन नदीचे खोरे हा त्या मुलाचा आसरा होता. या पुस्तकातील रेडरफ हा रानपक्षी आणि सिल्व्हरस्पॉट हा कावळा त्याच परिसरातले आहेत. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण, मॅनिटोबातील कारबेरीजवळ भावाच्या शेतावर राहून केलेल्या नोंदी, आणि पॅरिसमध्ये चित्रकलेचा अभ्यास असा त्यांचा प्रवास झाला. ‘सेन्चुरी डिक्शनरी’साठी त्यांनी प्राण्यांची सुमारे हजार चित्रे काढली आणि १८९६ साली प्राण्यांच्या शरीररचनेवर चित्रकारांसाठी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हाड कुठे आहे, स्नायू कसा ओढला जातो, केसांची दिशा कोणती, हे ज्याने शवविच्छेदन करून पाहिले आहे, त्याच्या वाक्यात प्राणी पळतो तेव्हा तो खरोखर पळतो. आधी चरित्र आणि मग कथा असा क्रम ठेवला तरी चालेल, पण चरित्राशिवाय हे पुस्तक अर्धेच हाती लागते असे मला वाटते.

मोठ्याने वाचण्यासाठी ‘सिल्व्हरस्पॉट’ आणि ‘रॅगीलग’ या दोन कथा सर्वांत चांगल्या ठरल्या. सिल्व्हरस्पॉट या म्हाताऱ्या कावळ्याच्या हाका सीटन यांनी चक्क पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनात मांडल्या आहेत. धोका आहे, मोठा धोका आहे, बंदूक आहे, पांगा, अशा वेगवेगळ्या प्रसंगांच्या वेगवेगळ्या हाका पानावर लहान लहान ओळींत छापलेल्या आहेत. माझ्या मुलाने त्या वाजवून मागितल्या आणि आम्ही त्या पेटीवर वाजवून पाहिल्या. कावळ्यांच्या आवाजातील सूक्ष्म फरक अर्थपूर्ण असतात हे आज मान्य झालेले आहे. सीटन यांनी ते कोणत्याही ध्वनिमुद्रणाशिवाय केवळ कानाने टिपले होते. या कावळ्याने साठवलेले पांढरे खडे, शिंपले आणि कपाचा तुटलेला चिनी मातीचा कान, हा खजिना मुलांना फार आवडतो. ‘रॅगीलग’मधील मॉली ही सशीण पिलाला निश्चल बसायला, पाय आपटून इशारा द्यायला आणि काटेरी झुडपाला आपला मित्र मानायला शिकवते. तो सगळा भाग शिकवण्याच्या क्रमाने रचलेला असूनही कुठे कंटाळवाणा होत नाही, कारण प्रत्येक धड्यामागे एक शत्रू उभा असतो. मॉलीचा शेवट मात्र हिवाळ्यातील थंडगार पाण्यात होतो आणि तिथे वाचताना थांबावे लागते. बहुतेक कथांचा शेवट मृत्यूत किंवा कैदेत आहे. प्रस्तावनेत सीटन यांनी त्याचे कारण स्पष्ट दिले आहे: कथा खऱ्या आहेत, आणि रानातल्या प्राण्याचे आयुष्य नेहमी शोकान्तच असते.

‘कथा खऱ्या आहेत’ या दाव्यावरूनच मोठा वाद झाला. मार्च १९०३ मध्ये जॉन बरोज या ज्येष्ठ निसर्गलेखकांनी ‘अटलांटिक मन्थ्ली’त खऱ्या आणि खोट्या निसर्गेतिहासावर लेख लिहिला आणि सीटन यांच्यावर कडक टीका केली, पुस्तकाचे नाव ‘फक्त मलाच ठाऊक असलेले वन्यप्राणी’ असे हवे होते, असा त्यांचा टोला होता. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही या वादात उडी घेतली, मात्र त्यांचा रोख मुख्यतः इतर लेखकांवर होता. बरोज यांचा आक्षेप ‘स्प्रिंगफील्ड फॉक्स’ या कथेपुरता मला पूर्ण पटतो. शिकारी कुत्र्यांना चकवण्यासाठी कोल्हा मेंढीच्या पाठीवर बसून जातो, कुत्र्याला रेल्वेच्या पुलावर नेमक्या गाडीच्या वेळी नेले जाते, आणि शेवटी साखळीत अडकलेल्या आपल्या पिलाला कोल्हीण विष आणून देते. यातील शेवटचा प्रसंग कोणत्याही निरीक्षकाला सिद्ध करता येणार नाही, कारण विष म्हणजे सुटका हा विचार कोल्हिणीला होता असे मानल्याशिवाय त्याला अर्थच उरत नाही. तरी एक गोष्ट सीटन यांच्या बाजूने नोंदवायला हवी. काटेकोर इतिहासाची रेघ अनेक ठिकाणी सोडली आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले आहे. लोबो, बिंगो आणि मस्टँग या कथांत सत्यापासून जवळजवळ कुठेच हललेलो नाही, असेही त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे वाचकाला कोणत्या कथेवर किती भार टाकायचा याची सूचना लेखकाकडूनच मिळते. दुर्दैवाने बहुतेक वाचक प्रस्तावना ओलांडून थेट लोबोकडे जातात.

त्याच प्रस्तावनेतला एक युक्तिवाद मला या साऱ्या महिन्यांत सतत उपयोगी पडला. माणसाच्या सवयींवर कोणी दहा पानांचा सर्वसाधारण निबंध लिहिला तर त्यातून काय समाधान मिळणार, तीच पाने एखाद्या मोठ्या माणसाच्या चरित्राला दिली तर अधिक लाभ होईल, आणि प्राण्यांबाबतही हेच खरे आहे, असे ते म्हणतात. एका जातीऐवजी एका प्राण्याचे चरित्र लिहावे ही कल्पना त्या काळी कॅनडातील चार्ल्स जी. डी. रॉबर्ट्स यांच्यासारखे एकदोन लेखकच गंभीरपणे हाताळत होते. आज प्राण्यांना ओळखखुणा देऊन वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवणारे संशोधक जे करतात, त्याची भावनिक पूर्वतयारी या कथांनी केली असे मी मानते. सीटन यांनी टीकेला उत्तर दिले तेही कामानेच. १९०९ मध्ये उत्तरेकडील प्राण्यांवरचे दोन खंड आणि १९२५ ते १९२८ या काळात ‘लाइव्ह्ज ऑफ गेम ॲनिमल्स’चे चार खंड त्यांनी प्रसिद्ध केले. या शेवटच्या ग्रंथासाठी त्यांना बरोज यांच्याच नावाचे पदक मिळाले.

बाकीच्या कथांविषयी थोडक्यात. ‘बिंगो’ ही मॅनिटोबातील आपल्या कुत्र्याची कथा त्यांनी सर्वांत कमी अलंकारांनी लिहिली आहे आणि ती सर्वांत जास्त टिकते. ‘रेडरफ’मध्ये पंखांनी हवा झोडपून ढोलासारखा आवाज काढणाऱ्या नराचे वर्णन अप्रतिम आहे. ‘वुली’ हा दिवसा कळप राखणारा आणि रात्री मेंढ्या मारणारा कुत्रा. त्याची कथा लहान मुलांना भीतिदायक वाटू शकते. ‘पेसिंग मस्टँग’ पुन्हा वाचताना मला फारसे काही नवे सापडले नाही.

आवृत्ती निवडताना काळजी घ्यावी. मूळ पुस्तकाची मांडणी सीटन यांच्या पहिल्या पत्नी ग्रेस गॅलटिन यांनी सांभाळली होती. रुंद समास आणि त्यांत छोटी छोटी चित्रे, ठसे, पिसे अशी ती रचना मजकुराइतकीच महत्त्वाची आहे. काही स्वस्त पुनर्मुद्रणांत समासातील चित्रे गाळलेली असतात आणि कावळ्याच्या स्वरांच्या ओळी तर पार पुसट होऊन जातात. अशी एक प्रत माझ्याकडे आली होती. ती वाचताना ठशांवरून कथा उलगडण्याची सारी गंमत नाहीशी झाली. मजकूर स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे मूळ आवृत्तीच्या छायाप्रती इंटरनेटवर मिळतात, आणि छापील प्रत घेण्याआधी तिच्याशी पाने ताडून पाहिलेली बरी.

वयाबद्दल विचाराल तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी सिल्व्हरस्पॉटपासून सुरुवात करावी, मग रॅगीलग, मग बिंगो. लोबो आणि कोल्हिणीची कथा दोन-तीन वर्षांनी, मोठ्या माणसाने सोबत बसून. मोठ्यांनी प्रस्तावना आधी वाचावी, कथा सलग न वाचता मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, आणि पुस्तक आवडले तर १९०० साली आलेले ‘द बायोग्राफी ऑफ अ ग्रिझली’ हे छोटे पुस्तक घ्यावे. वाह्ब नावाच्या अस्वलाच्या त्या एकाच चरित्रात सीटन यांचे निरीक्षण आणि त्यांची कल्पनाशक्ती एकमेकांशी अधिक जुळवून घेतात, आणि स्प्रिंगफील्डच्या कोल्हिणीपाशी जी शंका येते ती तिथे फार कमी वेळा येते.