कोल्हापूरहून एका दिवसात कातळकिनारा: रत्नागिरी की देवगड-विजयदुर्ग?

बरोबर सत्तरीचे आजी-आजोबा आणि कडेवरचं मूल असेल, तर रत्नागिरी. मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची असतील आणि खडकात उतरून जवळून बघायचं असेल, तर देवगड-विजयदुर्ग. अंतरावरून ठरवू नका, कारण दोन्हीकडचा फरक दहा-पंधरा किलोमीटरचा आहे.

रत्नागिरी मलकापूर-आंबा घाट-साखरपा-पालीमार्गे सुमारे 130 किलोमीटर आहे. घाटात थांबत गेलात तर साडेतीन तास लागतात. गाडी नसेल तर हाच पर्याय धरा. एसटी भरपूर आहेत. विजयदुर्गला गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी-तळेरेमार्गे सुमारे 140 किलोमीटर, आणि तळेऱ्यानंतर रस्ता अरुंद आणि वळणांचा. पोरांना गाडी लागत असेल तर त्रास इथेच होतो. निघताना पोटभर नाश्ता देऊ नका, थोडं भडंग पुरे. जेवण घाट उतरल्यावर. दोन्ही घाटांत दरड आणि कामांमुळे वाहतूक बंद पडते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी कराच. करूळ बंद असेल तर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आहे.

रत्नागिरीत खडक बघायचा तो उंचावरून. रत्नदुर्गावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, भगवती मंदिरापर्यंत चालणं थोडंच. तटावरून खाली लाटा कड्यावर फुटताना दिसतात आणि म्हाताऱ्या माणसांनाही ते बसून बघता येतं. तिथून आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता धरून गणपतीपुळे. दर्शन घ्या, वाळूत खेळा, पण पुळ्याच्या पाण्यात पोरांना सोडू नका. तिथला तळ फसवा आहे आणि माणसं बुडाली आहेत. ऊन वाढलं तर थिबा राजवाडा आहे. म्हणजे दिवस भरतो, पण खडकाला हात फारसा लागत नाही.

विजयदुर्ग हा पन्हाळ्याबरोबर 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक. तिहेरी तटबंदी नीट बघायला दीड-दोन तास लागतात आणि सावली कमी, म्हणून माणशी दोन लिटर पाणी घ्या. गिर्येच्या रामेश्वराकडे जाणारी वाट जांभा खोदून काढलेली आहे. तीही चुकवू नका. मग देवगड आणि कुणकेश्वर. खरी मजा इथे, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यात. खळग्यात पाणी अडकतं आणि दोन मिनिटं सावली न पाडता उकिडवं बसलं की शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा असतो. बोटभर मासे कपारीतून बाहेर येतात. समुद्रफुलाला (खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी) बोट लावू नका. कालवांच्या कडा पायाला ब्लेडसारख्या कापतात, म्हणून पट्ट्याच्या रबरी तळाच्या सँडल घाला. हवाई चप्पल शेवाळावरून सटकते.

हे सगळं भरती-ओहोटीवर आहे, म्हणून तारीख कॅलेंडरमधली तिथी बघून ठरवा. कोकणातला हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. कोल्हापुरातून पहाटे पाचला निघून किल्ला बघून, जेवून पोहोचणाऱ्याला ही वेळ अगदी बरोबर. दोन्ही पक्षांतली एकादशी ते त्रयोदशी त्यामुळे उत्तम (एकादशीचा उपास असेल तर माशांचं जेवण तेवढं हुकेल). द्वितीया-तृतीयेला दुपारी भरती असते, खडप पाण्याखाली. त्या दिवशी सरळ रत्नागिरीला जा. अष्टमीला ओहोटी बाराला येते, पण भांगाचं (कमी चढ-उताराच्या दिवसांतलं) पाणी फार मागे हटत नाही. तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

खडकात जायचं ते ओहोटीच्या आधी तासभर आणि पाणी वळलं की परत फिरायचं. भरती समोरून येते असं वाटतं, पण ती आधी मागच्या खाचांत शिरते आणि माणूस पुढच्या खडकावर अडकतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात वेगाने चढतं. उतरण्यापूर्वी दहा मिनिटं लाटा बघा. जिथपर्यंत खडक ओला किंवा शेवाळाने काळा आहे, तिथपर्यंत लाट येणारच. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. जून ते सप्टेंबर खडपाचं नावच काढू नका. तेव्हा तटावरून बघायचं.

परतीला देवगडहून साडेचारला निघा. गगनबावडा असो की दाजीपूर, अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात आणि वळणावर ते दिसेपर्यंत उशीर होतो. रत्नागिरीहून पाच वाजता निघालात तरी चालतं, पण आंबा घाटात धुकं असेल तर वेग वीस-तीसच्या वर नको.