४८ तासांच्या गेम जॅमसाठी गोडो इंजिन : दोघांच्या संघाचा अभिप्राय

थीम जाहीर झाल्यापासून ४८ तासांत खेळता येईल असा गेम तयार करून जमा करायचा, या प्रकाराला गेम जॅम म्हणतात. मी आणि माझी भाची आजवर अशा तीन जॅममध्ये उतरलो असून तिन्ही वेळा आम्ही गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, वापरले आहे. (गोडो, गोदो आणि गोडॉट असे तिन्ही उच्चार आपल्याकडे ऐकू येतात, मी पहिला वापरतो.) ती चित्रे काढते आणि आवाज करते, मी प्रोग्राम लिहितो. गोडोमध्ये वर्षभर खपून मोठा गेम करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय नाही. शनिवार-रविवारच्या घाईत हे इंजिन कितपत साथ देते आणि ती साथ मिळावी म्हणून आधीच्या आठवड्यात काय करून ठेवावे लागते, एवढाच त्याचा आवाका आहे.

हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेले हे इंजिन फेब्रुवारी २०१४मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे ते फुकट आहे आणि तयार झालेल्या गेमवर कोणाचाही वाटा बसत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेण्याची घोषणा केली, तेव्हा पुष्कळ लोक गोडोकडे वळले. ते शुल्क वर्षभराने रद्द झाले, पण वळलेल्यांपैकी अनेकजण इकडेच राहिले. मी त्यांतलाच एक. जॅमच्या दृष्टीने मला परवान्याहून महत्त्वाची वाटते ती उतरवण्याची सोय : विंडोजसाठीची झिप १०० एमबीच्या आत आहे, ती उलगडली की एकच फाइल चालवायची असते, आणि खाते उघडणे, लॉग-इन करणे किंवा परवाना सक्रिय करणे यांतले काहीही करावे लागत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन गेले तरी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत काम सुरू होते.

माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला आहे. नवा प्रकल्प उघडताना गोडो तीन रेंडररपैकी (चित्र पडद्यावर उमटवणाऱ्या यंत्रणांपैकी) एक निवडायला सांगते, आणि तिथे ‘कम्पॅटिबिलिटी’ हाच पर्याय निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या यंत्रांवर तो हलका चालतो हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की ब्राउझरमध्ये गोडो ४ केवळ याच रेंडररवर चालते, त्यामुळे इतर दोन्हींवर बेतलेले प्रकाश आणि छटा वेबवर गेल्यावर वेगळ्या दिसू शकतात. हा निर्णय रविवारी संध्याकाळी फिरवण्यासारखा नसतो.

वेबवर मी इतका भर का देतो, हे सांगायला हवे. अशा जॅममध्ये गुण देतात ते बहुधा इतर स्पर्धकच. लडम डेअर ही २००२पासून चालत आलेली स्पर्धा घेतली, तर तिथे आपल्या गेमला किमान २० जणांनी गुण दिल्याशिवाय निकालात क्रमांकच लागत नाही. अनोळखी माणसाने पाठवलेली ईएक्सई फाइल आपल्या संगणकावर चालवायला कोण धजावेल? ब्राउझरमध्ये एका क्लिकवर उघडणारा गेम मात्र लोक सहज खेळून बघतात. म्हणून जॅमसाठी इंजिन पारखताना वेब एक्स्पोर्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रत (वेब बिल्ड) काढणे, किती सुरळीत होते, हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो, आणि गोडोचे उत्तर आवृत्तीगणिक बदलत आले आहे. मार्च २०२३मध्ये ४.० आले तेव्हा वेब बिल्डला ब्राउझरच्या थ्रेडची (एकाच वेळी अनेक कामे चालवण्याच्या सोयीची) गरज भासे, त्यासाठी सर्व्हरवर विशिष्ट हेडर, म्हणजे पानाबरोबर जाणाऱ्या सूचना, लावाव्या लागत आणि ॲपलच्या उपकरणांवर अडचणी येत. ऑगस्ट २०२४मधल्या ४.३ या आवृत्तीने थ्रेडविना चालणारे वेब बिल्ड परत आणले आणि वेबवरचा तुटक येणारा आवाजही बराच सुधारला. जॅमसाठी गोडो घ्यायचेच असेल तर ४.३च्या आधीची आवृत्ती घेऊ नये. याला एक मोठा अपवाद आहे : गोडो ४मध्ये सी शार्प या भाषेत लिहिलेला प्रकल्प वेबवर एक्स्पोर्ट करण्याची सोय नाही, त्यामुळे युनिटीकडून येणाऱ्या आणि सी शार्प सोडू न इच्छिणाऱ्या स्पर्धकाला हे इंजिन मी सुचवणार नाही. जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा पायथनच्या वळणाची आहे आणि प्रोग्राम लिहिण्याची सवय असलेल्याला दोन संध्याकाळींत हाताशी येते. मात्र त्या दोन संध्याकाळी जॅमच्या आधीच्या असाव्यात.

एक्स्पोर्टसाठी लागणारे साचे, म्हणजे एक्स्पोर्ट टेम्पलेट, इंजिनाबरोबर येत नाहीत. ते वेगळे उतरवावे लागतात, त्यांचा आकार इंजिनाच्या कित्येक पट आहे आणि संपादकाच्या (आपण काम करतो त्या गोडोच्या) आवृत्तीशी ते तंतोतंत जुळावे लागतात. आमच्या पहिल्या जॅममध्ये हे मला रविवारी दुपारी कळले, आणि नेमके तेव्हाच घरचे इंटरनेट गेले. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून हॉटस्पॉट घेऊन ते साचे उतरवले, त्यांना नंतर चहाला बोलवावे लागले. त्या दुपारी एक सोय मात्र लक्षात राहिली : गोडोचा सगळा वर्गसंदर्भ, म्हणजे आज्ञांची माहिती, संपादकाच्या आतच असतो, एफ१ दाबून शोधता येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. जोडणी नसतानाही माझे निम्मे काम चालू राहिले ते त्यामुळे.

त्याच रविवारी दुसरा घोटाळा झाला, तो पूर्णपणे माझा. भाचीने चित्राच्या फाइलचे नाव मोठ्या अक्षराने सुरू केले होते आणि मी प्रोग्राममध्ये ते लहान अक्षराने लिहिले होते. विंडोजला हा फरक कळत नाही, त्यामुळे संपादकात गेम उत्तम चालला. एक्स्पोर्ट झालेल्या गेमला मात्र तो कळतो, आणि वेबवर आमचा नायक अदृश्य झाला. संपादक याबद्दल खालच्या पट्टीत इशारा देत होता, मी तो दोन दिवस वाचलाच नव्हता. आता आमचा नियम असा आहे की सगळी नावे लहान अक्षरांत ठेवायची आणि पिवळ्या इशाऱ्यांकडे दर तासाला एकदा बघायचे.

दुसऱ्या जॅमला आम्ही गेमातला मजकूर मराठीत ठेवायचे ठरवले. गोडो ३मध्ये देवनागरी नीट जुळून येत नसे, वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटत. गोडो ४च्या मजकूर-यंत्रणेने हा दोष पार घालवला आहे आणि ‘क्षणार्धात’ किंवा ‘पुन्हा’ यांसारखे शब्द छापल्यासारखे सुबक दिसतात. आम्ही खूश होतो. शनिवारी सकाळी वेब बिल्ड उघडून भाची म्हणाली, “मामा, इथे तर नुसते चौकोन आहेत.” कारण साधे होते : गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, संपादकात ती दिसतात ती संगणकातल्या फॉन्टमधून उसनी घेतलेली असतात, आणि वेबवर ती उसनवारी चालत नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट प्रकल्पात ठेवून तो मूळ फॉन्ट म्हणून नेमायचा, की काम झाले. मराठीत गेम करू पाहणाऱ्याने हे शुक्रवारच्या आधी करून ठेवावे, एवढेच माझे सांगणे.

आता प्रत्यक्ष ४८ तासांबद्दल. गोडोची मांडणी नोड (एकेक घटक) आणि सीन (नोडांचा संच) यांवर उभी आहे : पात्र हा एक सीन, शत्रू हा दुसरा, आणि संपूर्ण पातळी हा त्यांना पोटात घेणारा तिसरा. एफ५ दाबले की सगळा गेम चालतो, एफ६ दाबले की समोर उघडलेला सीन तेवढा चालतो. ही दुसरी कळ जॅममध्ये सोन्याच्या मोलाची आहे, कारण उडी मारण्याचा वेग तपासण्यासाठी दर वेळी मेनूपासून सुरुवात करावी लागत नाही. विचार सुचल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ माझ्या जुन्या लॅपटॉपवरही काही सेकंदांचाच असतो. सीनच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दोघांचे काम जुळवताना काय बदलले ते डोळ्यांनी वाचता येते. तरीही एकाच सीनवर दोघांनी एका वेळी काम करू नये. आम्ही तो प्रयोग एकदा केला आणि पुन्हा केला नाही.

कॅरेक्टरबॉडी२डी या नोडला नवी स्क्रिप्ट जोडताना चालण्या-उडण्याचा तयार नमुना मिळतो, त्यात वेग ३०० आणि उडीचा वेग उणे ४०० असा असतो. नवख्याला त्याचा मोठा आधार होतो. पण जॅममध्ये गोडोचे दहा गेम ओळीने खेळले की त्यांतले दोन-तीन तरी नेमके त्याच आकड्यांनी उडताना ओळखू येतात, आणि उडीची ती जडशीळ चाल मला आता कंटाळवाण्या रिंगटोनसारखी वाटते. हे दोन आकडे पहिल्याच तासात बदलावेत.

तिसऱ्या जॅमच्या आधी आम्ही एक रंगीत तालीम केली, आणि या साऱ्या तयारीत सर्वांत उपयोगी ठरली ती हीच. लडम डेअरची २०१८मधली ‘जागा संपत चालली आहे’ अशा अर्थाची थीम घेतली आणि स्वतःला चार तास दिले. गणपतीला कोकणात निघालेल्या एसटीत प्रवाशांचे सामान बसवायचे, असा गेम सुचला. मी उत्साहाने प्रत्येक बोचक्याला भौतिकीचे नियम लावले. एकावर एक रचलेल्या वस्तू स्थिर ठेवणे हे द्विमितीय भौतिकीत मुळात कठीण काम, त्यामुळे ट्रंका थरथरत राहिल्या आणि पावणेदोन तास त्यांना शांत करण्यात गेले. उरलेल्या वेळात भौतिकी काढून टाकली, सामान चौकटींच्या जाळीत बसवले, आणि गेम खेळण्याजोगा झाला. खऱ्या जॅममध्ये ही चूक अख्खा शनिवार खाऊन गेली असती. तालमीचा चौथा तास आम्ही मुद्दाम अपलोडसाठी राखला होता. इच डॉट आयओ या गेम चढवण्याच्या संकेतस्थळावर झिपच्या वरच्याच पातळीवर इंडेक्स डॉट एचटीएमएल या नावाची फाइल लागते, गोडोचे आधारभूत ११५२ बाय ६४८ हे माप पानावरच्या चौकटीशी जुळवावे लागते, आणि क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नसल्याने सुरुवातीला एक ‘सुरू करा’ बटण असलेले बरे. यांतली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. रविवारी शेवटच्या तासाला तिन्ही एकदम समोर आल्या, तर मात्र हात कापू लागतात.

तालमीतून उरलेला सांगाडा आम्ही तसाच जपून ठेवला आहे : मेनू, ‘थांबा’ बटण, आवाजाची पट्टी, सीन बदलताना पडणारा पडदा, आणि तो मराठी फॉन्ट. लडम डेअरच्या एकट्याने उतरायच्या ४८ तासांच्या विभागातही आधीचा पायाभूत कोड चालतो. चित्रे आणि संगीत मात्र त्याच वेळात केलेले असावे लागते. संघांसाठीचा ७२ तासांचा विभाग याबाबत सैल आहे. प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असल्याने सांगाडा उघडण्याआधी ते वाचावेत.

दोष सांगायचे तर पहिला जुन्या माहितीचा. इंटरनेटवरची पुष्कळ उत्तरे गोडो ३च्या काळातली आहेत. त्यांत कायनेमॅटिकबॉडी२डी किंवा यील्ड असे शब्द आले की ते उत्तर तसेच्या तसे चालणार नाही असे समजावे, कारण ४मध्ये त्यांच्या जागी कॅरेक्टरबॉडी२डी आणि अवेट आले आहेत. दुसरा आकाराचा : काहीही नसलेल्या प्रकल्पाचे वेब बिल्डही न दाबलेल्या स्वरूपात तीसेक एमबीच्या घरात जाते, आणि मोबाइल डेटावर खेळणाऱ्याला तेवढे थांबावे लागते. १२८ बाय १२८ ठिपके आणि १६ रंगांवर समाधान असेल तर पिको-८ हे छोटे गेम बनवण्याचे साधन यापेक्षा कितीतरी चटकन उघडते, पण ते विकत घ्यावे लागते आणि त्यात मराठी मजकुराची आशा धरू नये.

जॅममधून निघालेला गेम किती लांब जाऊ शकतो याचे गोडोतले उदाहरण म्हणजे डोम कीपर. एप्रिल २०२१च्या लडम डेअरमध्ये ‘अधिकाधिक खोल’ अशा अर्थाची थीम होती, तिच्यावर केलेला छोटा गेम वाढत जाऊन सप्टेंबर २०२२मध्ये विक्रीला आला. आमची महत्त्वाकांक्षा इतकी मोठी नाही. चौथ्या जॅमला अजून अकरा दिवस आहेत. इंजिन आणि साचे दोन पेन ड्राइव्हवर उतरवून झाले आहेत, सांगाड्याचे वेब बिल्ड दोघांच्या फोनवर उघडून पाहिले आहे, आणि या काळात गोडोची नवी आवृत्ती आली तरी सोमवार उजाडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असे भाचीने मला बजावले आहे.