शंभर वर्षांचा सागवानी वाडा: दुरुस्ती, फक्त दर्शनी भाग की सरळ बिल्डर?

पुण्याच्या पेठेत १९१०-२० च्या सुमाराचा वाडा आहे आणि भाऊबंदांचं काही ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय.

सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं, "आपला काय पेशवेकालीन आहे, हेरिटेज कसलं?" अहो, विश्रामबाग वाड्यासारखं (१८०७) कोरीवकाम नसेल, पण खरी किंमत सांगाड्यात आहे. खांब, तुळया, कड्या (तुळयांवरच्या बारीक आडव्या लाकडी दांड्या), बराचसा भार सागवानावर, भिंती बहुतेक मधे भरलेल्या. त्या काळी ब्रह्मदेशातला साग मुंबईत उतरायचा, १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो पुरवठा तुटला. जुन्या जंगलातलं तसं घट्ट लाकूड आज नव्याने मिळणं फार अवघड आहे.

बिल्डरकडे गेलात तर खिशातून काही जात नाही, लिफ्ट मिळते, पार्किंग मिळतं, आईवडिलांना तो खडा जिना चढावा लागत नाही. हे खोटं नाहीये. पण भाडेकरूंचा प्रश्न तिथेही सुटत नाही, पाडलं तरी त्यांना जागा द्यावीच लागते.

दुरुस्तीत पैसा आधी आपला जातो, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागतो. पण आधी एक करा, खांब उथळ्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) टेकतो तिथे आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टणक लागलं तर वाडा "मोडकळीस आलाय" म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. भुसभुशीत लागलं तर बहुतेक वेळा नंतर वर काढलेलं बाथरूम गळत असतं, किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ओल आत कोंडलेली असते, मग वाळवीचीही भीती असते. तेवढा तुकडा कापून नवा साग जोडता येतो, अख्खा खांब बदलावा लागतो असं नाही.

तिसरा पर्याय, पुढचा सज्जा ठेवून मागे आरसीसीची (सिमेंट-लोखंडाची) नवी इमारत. मला हा अजिबात पटत नाही, कारण जे जपायचं तेच यात जातं.

निम्म्याहून जास्त सांगाडा चांगला असेल तर मी दुरुस्तीच म्हणेन. आणि वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, कुठल्या ग्रेडमध्ये, हे कुठलीही सही करायच्या आधी बघा. पाडायचंच ठरलं तर निदान सागवान मोजून करारात लिहून घ्या, नाहीतर ते भंगारात धरून परस्पर विकलं जातं.